ग्ली, सीझन १, भाग ९ 'व्हील्स' : पुन्हा बघितला, आता बोलूया (स्पॉयलर आहेत)

दुपारची_झोप

ग्लीचे फॅन, आणि ग्लीला शिव्या घालत घालत सहाही सीझन बघितलेले फॅन (तेच जास्त आहेत हे माहितीय), इकडे या जरा. लेकीची परीक्षा संपल्यावर तिने पहिल्यापासून बघायला घेतलीय आणि मी शेंगा सोलायच्या नावाखाली शेजारी बसून सगळं बघतेय. स्टार वर्ल्डवर लागायची तेव्हा तुकड्यातुकड्यात बघितली होती, आता सलग बघताना कळतंय की पहिला सीझन खरंच चांगला होता, नंतर जे काय झालं ते झालं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं लायमा गाव, तिथलं विल्यम मॅकिन्ली हायस्कूल. विल शूस्टर हा स्पॅनिशचा मास्तर शाळेतला मरायला टेकलेला ग्ली क्लब, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या पोरांचा ग्रूप, पुन्हा उभा करतो आणि चीअरलीडर्सची कोच सू सिल्व्हेस्टर त्याच्या मुळावर उठते. २००९ ते २०१५, एकूण १२१ भाग. कर्ते रायन मर्फी, ब्रॅड फाल्चक आणि इयन ब्रेनन.

'व्हील्स' आला ११ नोव्हेंबर २००९ला. स्पर्धेला जायला बस हवी, तर शाळेकडे व्हीलचेअर चढेल अशी बस नाही, क्लबमधल्या व्हीलचेअरवरच्या आर्टीला बाबाच गाडीने सोडतील म्हणे. बाकीच्या पोरांना यात काहीच वावगं वाटत नाही, आणि आर्टी काय नेहमीच वेगळा जातो असा सगळ्यांचा सूर. विल भडकतो आणि शिक्षा म्हणा धडा म्हणा, सगळ्यांना रोज तीन तास व्हीलचेअरवर बसायला लावतो, वर बसच्या पैशांसाठी बेक सेल, म्हणजे शाळेत केक-बिस्किटं विकायची. दुसरीकडे 'विकेड' या संगीत नाटकातलं 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' विल न विचारता क्लबमधल्या रेचलला देऊन टाकतो, कारण ते मुलीचं गाणं, आणि क्लबमधलाच कर्ट म्हणतो मला का नाही, मी त्यातला वरचा एफ सूर लावू शकतो. आणि तिसरीकडे सू आपल्या टीममधे बेकी नावाच्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीला घेते आणि विलला कळतच नाही हिच्या मनात काय आहे.

तर मुद्दा असा. सगळे याला व्हीलचेअरवाला एपिसोड म्हणतात. पण माझ्यासाठी हा कर्ट आणि त्याच्या बाबांचा एपिसोड आहे. बर्ट हमेल, टायरचं दुकान असलेला, टोपी घालणारा, फुटबॉल बघणारा माणूस, पोराला संधी मिळाली नाही म्हणून तरातरा शाळेत जाऊन भांडतो आणि पोराला ऑडिशन मिळवून देतो. मग दुकानात निनावी फोन येतो, तुमचा पोरगा तसला आहे म्हणून. कर्ट उड्या मारत येतो की सूर लागला, लागला एकदाचा! आणि बघतो तर बाबांचा चेहरा पडलेला. मग ऑडिशनला ऐन त्या सुरावर तो मुद्दाम आवाज फाडतो आणि गाणं रेचलला जातं.

मी रडले. लेक म्हणाली आई शेंगा खारट होतील.

मला विचारायचंय ते हे की हा त्याग तुम्हाला पटला का? का बघताना राग आला?

---

कोकणरेल्वे_लेट

शेंगा खारट :फिदी:

पटला. बर्ट हमेल हा टीव्हीवरचा आजवरचा सर्वात चांगला बाप आहे, कुणी काही म्हणा. चौथ्या भागात कर्ट धीर करून त्याला सांगतो की मी गे आहे तेव्हा हा म्हणतो तू तीन वर्षांचा असल्यापासून मला माहितीय. म्हणजे आवडतंय असं नाही, पण तू माझा आहेस. तेवढ्यात सगळं आलं. आपल्याकडच्या सिरियलमधे असता तर छातीवर हात ठेवून तीन वेळा वळला असता आणि मागे वीज कडाडली असती.

बर्टचं काम करणाऱ्या माइक ओमॅलीला २०१०च्या एमीचं, म्हणजे टीव्हीच्या पुरस्काराचं, नामांकन होतं, पाहुणा कलाकार म्हणून. मिळालं नाही, ते ग्लीमधल्याच नील पॅट्रिक हॅरिसला गेलं.

---

तिरपागडा

मला राग आला. थेट सांगतो. सगळा एपिसोड ओरडून सांगतोय की वेगळं असणाऱ्याला जागा द्या, बस द्या, रॅम्प द्या, आणि त्याच एपिसोडमधे गे पोरगा आपली जागा स्वतःहून सोडतो कारण बापाला त्रास होतोय. आणि आपण सगळे रुमाल काढून बसलोय. निनावी फोन करणारा जिंकला ना शेवटी? त्याला काय पाहिजे होतं, पोराने मुलीचं गाणं म्हणू नये. नाही म्हणालं. झालं काम.

बाकी मुलीचं गाणं पोराने म्हणायचं नाही ही कटकट बघून हसू आलं, आपल्याकडे बालगंधर्वांनी अख्खी हयात काढली की.

---

दुपारची_झोप

तिरपागडा, फोन करणारा जिंकला हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जरा गप्प झाले वाचून.

पण गॅरेजमधला नंतरचा सीन? कर्ट बाबांना स्वतःहून सांगतो की सूर मी मुद्दाम घालवला. मला लहानपणापासून सवय आहे, लोक बोलतात, मी चालू शकतो त्यातून, तुम्हाला नाहीये सवय. आणि स्टार होण्यापेक्षा मला तुम्ही जास्त प्रिय आहात, अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. तो घाबरून मागे गेला नाहीये हो. त्याने बापाला सांभाळलंय, पोरगं मोठं झालंय तिथे.

---

हार्मोनियमवाली

धागा बघून लॉगिन केलं खास. गाण्याबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते.

तो जो वरचा एफ आहे तो पेटीवर बघायचा तर तार सप्तकातली पांढरी चार. 'विकेड' ब्रॉडवेवर २००३ला आलं तेव्हा इडिना मेंझेलने एल्फाबा, म्हणजे नायिका, केली होती आणि हा सूर तिने छातीच्या आवाजात, पूर्ण जोर लावून फेकला, हळूच वर सरकून पातळ आवाजात नाही. म्हणून ते गाणं गाजलं आणि म्हणूनच प्रत्येक गाणाऱ्या पोरीला ते एकदा म्हणून बघायचं असतं. पुरुषाच्या आवाजाला तिथे जोरकसपणे पोचणं फार कठीण, बहुतेक जण खोटा पातळ आवाज काढतात. कर्टचं काम करणाऱ्या ख्रिस कोल्फरचा आवाज मुळातच उंच आहे म्हणून हा सगळा प्लॉट शक्य झाला. आणि ही गोष्ट त्याच्याच आयुष्यातून उचललीय, त्याच्या शाळेत त्याला हेच गाणं मुलगा म्हणून नाकारलं होतं, ते ऐकून रायन मर्फीने लिहिलं.

आता मुद्दाम सूर फाडण्याबद्दल. माझ्याकडे मुलं शिकायला येतात, खरा फाटलेला सूर मी रोज ऐकते. खरा फाटतो तेव्हा आधीच कळतं, श्वास कमी पडलेला असतो, मान वर जाते, खांदे वर येतात, दोन शब्द आधीपासून माणूस घाबरलेला असतो. कर्ट तसं काही करत नाही. श्वास नीट घेतलाय, उभा राहिलाय नीट, सगळी तयारी सूर लागण्याची आणि मग ऐन वेळी सोडून देतो. म्हणजे अभिनय करणाऱ्याला 'लावू शकणाऱ्या माणसाने घालवलेला सूर' दाखवायचा होता आणि पोराने तो बरोबर दाखवलाय. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा.

एडिटिंगही छान आहे त्या गाण्याचं. दोघं आळीपाळीने वेगवेगळे म्हणतायत, स्पर्धा आहे, पण एक ओळ तिची एक ओळ त्याची असं जोडलंय की ऐकताना द्वंद्वगीत होतं. एकमेकांच्या विरोधात उभे आहेत आणि गाणं एकच.

तिरपागडा, बालगंधर्वांचं इथे लावू नका हो. तेव्हा बायका रंगभूमीवर येतच नव्हत्या म्हणून पुरुष स्त्रीपार्टी करायचे आणि लोक डोक्यावर घ्यायचे, घरी निनावी फोन यायचे नाहीत. शिवाय ते आपल्या पट्टीत गायचे, दुसऱ्याच्या पट्टीत जाऊन सिद्ध करायचं नव्हतं त्यांना काही.

---

तिरपागडा

हार्मोनियमवाली ताई, पट्टीचा मुद्दा मान्य. फोनचा नाही. कीर्ती असली की लोक डोक्यावर घेतात, पण गावोगावच्या कंपन्यांमधे जी साधी पोरं स्त्रीपार्टी करायची त्यांना गावात काय काय ऐकावं लागलं असेल याचा विचार करा. स्टेजवर वन्समोअर आणि खाली उतरलं की टिंगल. असो. विषयांतर होतंय.

---

ओहायोचा पाहुणा

मी कोलंबसला असतो, लायमा इथून दीडेक तासावर. सिरियलमधली शाळा काल्पनिक आहे आणि शूटिंग बहुतेक सगळं कॅलिफोर्नियात झालेलं, त्यामुळे गावात जाऊन फोटो काढायला काही नाही, आधीच सांगून ठेवतो.

मला एक गोष्ट तेव्हाही खटकली आणि आताही. बससाठी बेक सेल? अहो अमेरिकेत १९७३च्या रिहॅबिलिटेशन अॅक्टचं कलम ५०४ आहे, १९९०चा एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांचा कायदा, आहे. सरकारी शाळेला अपंग मुलाला शाळेच्या कार्यक्रमात, खेळात, ग्रूपमधे इतरांसारखंच सहभागी होता यावं याची सोय करावी लागते, पैसे नाहीत म्हणून हात वर करता येत नाहीत. आर्टीच्या बाबांनी एक खरमरीत पत्र लिहिलं असतं तर प्रिन्सिपल फिगिन्स धावत बस घेऊन आले असते. दोन हजार नऊ साल आहे, एकोणीसशे पन्नास नाही. पोरांनी कपकेक विकून मित्राचा हक्क विकत घ्यायचा हे ऐकायला गोड वाटतं पण मुळात चूक आहे. मी माझ्या पोरीच्या शाळेत बँडच्या ड्रेससाठी, ट्रिपसाठी बेक सेलला उभा राहिलोय, ब्राउनी विकल्यात, ते वेगळं.

आणि तो बेक सेल चालतो कशामुळे, तर क्लबमधला पक कपकेकमधे गांजा घालतो म्हणून. म्हणजे हक्काची बस गांजाच्या पैशातून. मर्फीसाहेब धन्य.

जाता जाता, फिगिन्सचं काम करणारा इक्बाल थेबा मूळचा कराचीचा. आणि अजून एक गंमत, ख्रिस कोल्फर आधी आर्टीच्या रोलसाठी ऑडिशनला गेला होता. तो त्यांना इतका आवडला की त्याच्यासाठी कर्ट नवीन लिहिला आणि त्यासाठी एक ठरलेलं पात्र काढून टाकलं. त्या पात्राचं नाव होतं राजिश. म्हणजे देशी पोरगा ग्लीमधे असणार होता, गेला.

---

कोकणरेल्वे_लेट

राजिश!! राजेश पण नाही, राजिश. बरं झालं काढला :फिदी:

---

चाकवाली

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते. मी व्हीलचेअर वापरते, लहानपणापासून, म्हणून आयडी हा.

दुपारची_झोप, तुम्ही लिहिलंय सगळे याला व्हीलचेअरवाला एपिसोड म्हणतात पण तुमच्यासाठी तो बापलेकाचा आहे. तुम्हाला ती निवड आहे, कारण तुम्ही चालता. मला बघताना आर्टी सोडून दुसरीकडे बघताच येत नाही, आणि गंमत अशी की एपिसोडलाही आर्टीकडे फार वेळ बघायचं नाहीये. नाव त्याचं, खुर्ची त्याची, आणि धडा शिकणार बाकीचे. पहिल्यांदा त्याचं 'डान्सिंग विथ मायसेल्फ' गाणं आहे, एकटा, रिकाम्या ऑडिटोरियममधे, ते मला खूप आवडतं. मग तो जवळजवळ मागेच पडतो आणि फिन, रेचल, क्विन, पक, सगळे त्याच्या खुर्चीत बसून आपापली भांडणं करतात.

तीन तास रोज खुर्चीत बसून काय कळतं? कॉरिडॉरमधे धक्के खातात, वस्तूंपर्यंत हात पोचत नाही, ते कळतं. खरं आहे ते. पण तीन तासांनी उठता येतं ना. जे कळत नाही ते म्हणजे वाट बघणं. लिफ्टची चावी असलेला शिपाई जेवायला गेलाय म्हणून वाट बघणं. दोन माणसं मिळेपर्यंत जिन्याखाली वाट बघणं आणि ती मिळाली की चेहरा हसरा ठेवणं, कारण त्यांना वाटतंय आपण पुण्य करतोय.

रॅम्पबद्दल सांगते, कारण एपिसोडमधे रॅम्प आहे. नियम असा की एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. तीन फुटांचं स्टेज असेल तर छत्तीस फूट. हिशोब करा आणि मग आपल्याकडच्या इमारतींच्या पायऱ्यांशेजारी टाकलेली सिमेंटची घसरगुंडी आठवा. त्या घसरगुंडीवर चढताना खुर्ची पुढून उचलली जाते, डोकं मागे जातं, उतरताना चाकाची कड दोन्ही तळव्यांनी दाबून धरावी लागते, तळवे भाजतात, पावसाळ्यात तर धरताच येत नाही, सटकतं. माझ्या कॉलेजात रॅम्प होता. त्याच्यावर स्कूटर लावलेल्या असायच्या आणि खाली जाळीची नाली, तिच्यात पुढचं छोटं चाक बरोबर अडकायचं. कागदावर सोय झालेली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा आहे, त्याआधी १९९५चाही होता. कायदे आहेतच.

शेवटच्या 'प्राउड मेरी'त सगळी पोरं खुर्च्यांवर रॅम्पवरून चढतात, उतरतात, गोल फिरतात. तुम्हाला काय दिसलं माहीत नाही, मला रॅम्पचा उतार दिसला. आणि मज्जाही वाटली, खोटं का बोलू. खुर्ची नाचवता येते, फिरवता येते, तिच्यात ऐट असते हे टीव्हीवर कुणीतरी दाखवलं.

आर्टीची दोन ठिकाणं मला शंभर टक्के पटली. एक, बसचे पैसे मला नकोत, ऑडिटोरियमला रॅम्प करा, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्यालाही होईल असं तो म्हणतो ते. आणि दुसरं, क्लबमधल्या तोतऱ्या टीनाचं. टीना त्याला सांगते की मी तोतरी नाहीचये, सहावीत भाषण करायचं टाळण्यासाठी सोंग घेतलं आणि मग तसंच चालू ठेवलं. तिला वाटतं तो म्हणेल काय गं, हसेल. तो निघून जातो. दोघांनाही काहीतरी आहे म्हणून आपण जवळ आलो असं त्याला वाटलं होतं, आणि तिचं ते काढून ठेवता येणारं निघालं. ती लोकांना दूर ठेवायला ते वापरत होती आणि तो आठ वर्षांचा असल्यापासून लोक जवळ यावेत म्हणून धडपडतोय. नेटवर तेव्हा बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की बिचाऱ्या टीनावर इतका राग कशाला. मला तर त्याचा राग कमी वाटला.

---

दुपारची_झोप

चाकवाली, लिहीत रहा हो. वाचनमात्र नका राहू.

टीनाचा सीन मी पण 'बिचारी टीना' म्हणूनच बघितला होता, लेकीला आज पुन्हा लावायला सांगते.

---

तिरपागडा

चाकवाली, कडक पोस्ट.

आणि फिनला नोकरी मिळत नाही म्हणून तो व्हीलचेअरवर बसून जातो, रेचल मॅनेजरला भेदभावाचा दम देते आणि नोकरी मिळते, हा जोक त्याच एपिसोडमधे? म्हणजे खुर्चीवर बसलं की नोकरी मिळते? उलटं असतं ना जगात.

---

चाकवाली

तिरपागडा, तो सीन मी पुढे ढकलून बघते. माझी मुलाखत फोनवर छान झाली की प्रत्यक्ष गेल्यावर चेहरे कसे होतात ते मला माहितीय.

---

कोकणरेल्वे_लेट

मी जरा उलट बोलतो, मारू नका. आर्टीचं काम केविन मॅकहेलने केलंय, तो चालतो, उलट मस्त डान्सर आहे, बॉय बँडमधे होता. त्यावरून तेव्हा फार ओरड झाली होती, अपंग कलाकारांनी आक्षेप घेतला होता की आमच्यातला का नाही घेतला. पण अॅक्टिंग म्हणजेच जे आपण नाही ते होणं ना? मग खुन्याच्या रोलला खुनी आणायचा का? आणि पुढे 'ड्रीम ऑन' भागात आर्टीचं स्वप्न आहे, मॉलमधे तो खुर्चीतून उठून नाचतो, 'सेफ्टी डान्स'. चालता न येणारा नट असता तर तो सीन झालाच नसता.

---

चाकवाली

कोकणरेल्वे, नाही मारत.

खुनी लोकांना ऑडिशनच्या जिन्याखालून परत पाठवलं जात नाही, एवढाच फरक. चालणाऱ्याने खुर्चीवरच्याचा रोल करायला माझी हरकत नाही, ज्या दिवशी खुर्चीवरच्याला वकिलाचा, आईचा, व्हिलनचा, प्रेयसीचा रोल मिळेल त्या दिवसापासून. आत्ता काय होतं, आमचे रोल तुम्ही करता आणि तुमचे रोल पण तुम्हीच करता.

निर्मात्यांचं तेव्हा म्हणणं होतं की सगळ्या तऱ्हेचे लोक बघितले, पण खरं गाणारा, खरा अभिनय करणारा आणि टीव्हीला लागतो तो करिष्मा असलेला मिळणं अवघड. बरं. आता अॅली स्ट्रोकरचं बघा. दोन वर्षांची असताना अपघात, तेव्हापासून व्हीलचेअर. ग्लीच्याच 'ग्ली प्रोजेक्ट' या रिअॅलिटी शोच्या दुसऱ्या सीझनला, २०१२ला, दुसरी आली. मग ग्लीत तिला एका भागात पाहुणी म्हणून घेतलं, आर्टीच्या डेटसाठी. एक भाग. तीच मुलगी २०१९ला 'ओक्लाहोमा!' या संगीत नाटकासाठी टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा मोठा पुरस्कार, जिंकली, व्हीलचेअर वापरणारी टोनी जिंकलेली पहिली कलाकार. रोल अॅडो अॅनीचा, पुरुषांना नाही म्हणता न येणारी अल्लड पोरगी. मूळ नाटकात खुर्ची कुठे आहे? नाहीचये. ती बसून आली, गायली, आणि जिंकली. करिष्मा मिळत नाही म्हणे.

आणि 'सेफ्टी डान्स'. तो सीन सुंदर आहे हे खरंय. पण आमच्या स्वप्नात आम्ही उठून चालतोच असं का वाटतं सगळ्यांना? माझ्या स्वप्नात मी खुर्चीतच असते, फक्त जिने नसतात.

---

हार्मोनियमवाली

हे शेवटचं वाक्य.

---

ओहायोचा पाहुणा

+१. आणि 'लॅरिंजायटिस' भाग आठवला यावरून, पहिल्या सीझनमधलाच, १८वा. त्यात झॅक वाइनस्टीन नावाचा नट आहे, खरोखर पॅरलाइझ्ड, पाण्यातल्या अपघातानंतर. फिनच्या ओळखीचा जुना खेळाडू दाखवलाय. 'व्हील्स'वर टीका झाल्यानंतर आलेला भाग तो. छोटं काम आहे पण आर्टीच्या गोडगोड डायलॉगांपेक्षा वेगळं वाटलं होतं.

---

दुपारची_झोप

सूबद्दल कुणीच बोललं नाही! मला वाटलं होतं पन्नास प्रतिसाद सूवरच येतील.

क्विन गरोदर म्हणून सूच्या चीअरलीडर टीममधून गेली, जागा रिकामी, फिगिन्स सांगतो ऑडिशन घ्या आणि विलला सोबत बसवा. बेकी येते, दोरीवरच्या उड्या मारते, मारते म्हणजे अडखळत मारते. आणि सू, जी कुणालाही घेत नाही, लगेच म्हणते घेतली. विलला वाटतं हिचा काहीतरी डाव असणार. मग प्रॅक्टिसमधे सू बेकीवर ओरडते, अजून, अजून, परत मार, आणि विल मधे पडतो की तिच्याशी असं बोलू नका. तेव्हा सू म्हणते तिला इतरांसारखं वागवलेलं हवंय आणि तू मला वेगळं वागवायला सांगतोयस. विलचं तोंड बंद. हे एपिसोडमधलं सगळ्यात खरं भांडण वाटलं मला.

मग शेवटी ती एका केअर होममधे जाते आणि तिथे तिची मोठी बहीण जीन, तिलाही डाऊन सिंड्रोम आहे. लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट वाचून दाखवते तिला. सूचा आवाजच बदलतो तिथे. सूचं काम करणाऱ्या जेन लिंचला २०१०ची एमी मिळाली ती काय उगाच नाही.

---

तिरपागडा

सूचा सीन मस्त आहे पण शुद्ध लबाडी आहे लेखकांची. आठ भाग बाईला राक्षसीण केलं आणि मग एक बहीण दाखवली की आम्ही विरघळायचं. हे माझं वैयक्तिक मत, तिने बेकीला घेतलं त्याचं कारण दाखवायलाच नको होतं. विलसारखं आपल्यालाही शेवटपर्यंत कोडं पडलं असतं तर जास्त मजा आली असती.

---

चाकवाली

मला उलट वाटतं. कारण बहीण आहे म्हणूनच ती बेकीवर ओरडू शकते. ज्याच्या घरात कुणी आहे तोच ओरडतो, बाकीचे 'अरे वा, किती छान' म्हणतात. माझा दादा मला सायकलवाल्यांच्या पुढे ढकलायचा शर्यतीत आणि हरले की चिडवायचा. आईला वाटायचं दुष्ट आहे.

आणि इथे तरी बेकीचं काम करणारी लॉरेन पॉटर आणि जीनचं काम करणारी रॉबिन ट्रॉकी दोघींनाही खरंच डाऊन सिंड्रोम आहे. म्हणजे करिष्मा मिळत होता की, शोधला तर. लॉरेन पॉटर तर नंतर ओबामांनी नेमलेल्या बौद्धिक अपंगत्वाच्या समितीवर होती, २०११ला.

---

कोकणरेल्वे_लेट

बेकीचं नंतर जे केलं ते आठवलं तरी डोकं फिरतं. चौथ्या सीझनचा 'शूटिंग स्टार', शाळेत गोळी उडते आणि शेवटी कळतं की बंदूक बेकीने आणली होती, सू स्वतःवर घेते. एप्रिल २०१३ला दाखवला, सँडी हुक शाळेतल्या गोळीबाराला जेमतेम चार महिने झाले होते. इतकं छान उभं केलेलं पात्र, आणि तिच्या हातात बंदूक द्यावी?

---

ओहायोचा पाहुणा

तो भाग आमच्याकडे अर्ध्यात बंद केला होता. पोरीच्या शाळेत तेव्हा लॉकडाऊन ड्रिल चालू झालेलं, दिवे बंद करून बाकाखाली बसायचं. त्यावर गाणी नको होती मला.

---

हार्मोनियमवाली

तिरपागडांच्या पहिल्या मुद्द्यावर परत येते, फोन करणारा जिंकला का. दोन दिवस डोक्यात आहे.

कर्टने सूर घालवला पण गाणं सोडलं नाही. पाचव्या सीझनला '१००' नावाचा भाग आहे, सिरीजचा शंभरावा. त्यात हेच 'डिफाइंग ग्रॅव्हिटी' परत येतं आणि रेचल आणि क्लबमधलीच मर्सिडीज यांच्यासोबत कर्ट म्हणतो. आणि कोल्फरचं एकट्याचं रेकॉर्डिंग तर २००९लाच वेगळं रिलीज झालं होतं, विकत मिळत होतं. फोनवाल्याने ऐकलं असेल कुठेतरी रेडिओवर.

पण गोष्टीच्या आत बघायचं तर तुम्ही बरोबर आहात. त्या शाळेत, त्या दिवशी, फोनवाल्याला हवं तेच झालं. आणि लेखकाने ते लपवलं नाही, रेचल जिंकल्यावर टाळ्या आहेत पण कर्टच्या बाजूला जल्लोष नाही. मला तरी दोन्ही एकत्र बघता येतं, बापावरचं प्रेम आणि हार.

---

तिरपागडा

ताई, हे चालेल मला. फक्त रडणाऱ्यांनी हार पण बघावी एवढंच म्हणणं होतं.

---

दुपारची_झोप

लेकीला टीनाचा सीन परत दाखवला. ती म्हणाली आर्टी ओव्हररिअॅक्ट करतोय. मग चाकवालींची पोस्ट वाचून दाखवली. मग म्हणाली, पण टीनाने खरं सांगितलं ना, न सांगता पण राहू शकली असती. आता यावर काय बोलायचं, तुम्हीच सांगा चाकवाली.

---

चाकवाली

लेकीला सांगा मुद्दा चांगला आहे. टीनाने सांगितलं ते धाडसच होतं. पण खरं सांगितल्यावर समोरच्याने लगेच माफ करावं ही अपेक्षा जरा जास्त आहे, तो पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा आहे आणि नुकतंच आयुष्यातलं पहिलं चुंबन झालंय त्याचं. जाऊ दे की त्याला दोन दिवस रुसून.

तुमची लेक पुढे कुठपर्यंत आलीय? 'ड्रीम ऑन' आला की सांगा, त्यावर मला अजून भांडायचंय कोकणरेल्वेंशी.

---

कोकणरेल्वे_लेट

मी लेट येईन.